तेलाच्या विहिरी, लेखांक ९ : रिगशिवाय दुरुस्ती

तेलविहीर वाहू लागते त्याच दिवसापासून तिची झीज सुरू होते. खडकातला दाब उतरत जातो. तेलाखालचे पाणी वर सरकत येते आणि कधी तरी नळीत शिरते. वाळूचा खडक ठिसूळ असेल तर वाळू वाहून येऊन तळाशी साचते. दाब टिकवण्यासाठी साठ्यात समुद्राचे पाणी सोडले असेल, तर त्यातले सल्फेट आणि खडकातल्या पाण्यातले बेरियम एकत्र येऊन बेरियम सल्फेट तयार होते. त्याचा दगडासारखा थर नळीला आतून धरतो, आणि साध्या आम्लाला तो दादही देत नाही. यातल्या बहुतेक दुखण्यांवर इलाज आहेत. अडते ते खर्चावर : दोन-तीन किलोमीटर खाली जाऊन इलाज करायचा, तर वाढीव तेलातून त्याचे पैसे सुटतात का?

जगातल्या तेलसाठ्यांतून सरासरी तिसरा हिस्सा तेल बाहेर येते, बाकीचे खडकातच राहते. नॉर्वेच्या समुद्रात हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या वर आहे आणि स्टॅटफ्योर्डसारख्या क्षेत्रात तर ६० टक्क्यांच्याही पुढे. खडक चांगला, पाणी आणि वायू आत सोडण्याचे नियोजन नेटके, ही कारणे आहेतच. पण स्टॅटफ्योर्डच्या विहिरींची तोंडे प्लॅटफॉर्मवर, कामगारांच्या हाताशी आहेत. काही बिघडले की लगेच खाली उतरता येते. ज्या विहिरींची तोंडे समुद्रतळावर आहेत, त्यांच्यातून बरोबरीच्या खडकातही सहसा कमी तेल निघत आले आहे. साठ्यातून किती तेल निघणार हे भूगर्भाइतकेच विहिरीत परत उतरण्याच्या खर्चावरही ठरते, ते असे.

दुरुस्तीची जुनी, जड पद्धत म्हणजे वर्कओव्हर. रिग आणायची, विहिरीत जड क्षारजल भरून तिचा प्रवाह दाबून टाकायचा, तोंडावरची झडपांची जुळणी, म्हणजे ख्रिसमस ट्री, उतरवायची आणि आतली नळी उपसून काढायची. याला आठवडे लागतात. शिवाय हे क्षारजल खडकाच्या छिद्रांत शिरते, आणि दुरुस्त झालेली विहीर पूर्वीइतके तेल देईलच याची खात्री नसते. हलक्या पद्धतींत विहीर जिवंतच ठेवतात. नळी जागेवर, झडपा जागेवर, दाब कायम. आणि त्या दाबातूनच अवजार आत सोडायचे.

यातली सर्वांत साधी पद्धत स्लिकलाइनची. सव्वादोन ते सव्वातीन मिलिमीटर जाडीची एकपदरी पोलादी तार, तिच्या टोकाला वजनाचे दांडे, ठोके देणारा जार आणि त्याखाली कामाचे अवजार. ख्रिसमस ट्रीवर लुब्रिकेटर नावाची उंच नळी बसवतात. अवजार आधी तिच्यात घेऊन वरचे तोंड बंद करायचे, आतला दाब विहिरीच्या दाबाइतका करायचा आणि मगच झडप उघडायची. तार जिथून आत जाते तिथे रबरी पॅकिंग तिला घट्ट धरून ठेवते.

या तारेने काय साधते ते गॅस लिफ्टच्या झडपेवरून नीट समजते. दाब उतरलेल्या विहिरीत नळीच्या बाहेरून वायू सोडतात. तो झडपेतून नळीत शिरतो, तेलाचा स्तंभ हलका होतो आणि तेल वर येते. १९७४ मध्ये सापडलेल्या, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हाय क्षेत्रात याच पद्धतीवर मोठी भिस्त आहे. ही एक-दीड इंच जाडीची झडप नळीच्या कडेला केलेल्या खिशात बसते, म्हणजे मधली वाट मोकळी राहते. ती झिजली की किकओव्हर टूल खाली सोडतात. अवजार खिशाच्या खाली नेऊन पुन्हा वर ओढले की खाचेत अडकते, वळून बरोबर खिशासमोर येते आणि आणखी ओढ दिली की त्याचा हात बाहेर पडतो. मग जरा खाली सोडून झडपेचे डोके पकडायचे आणि जारने वर ठोके द्यायचे. पिन तुटते, झडप सुटते. हे सगळे दोन किलोमीटर वरून, दिसत काहीच नसताना, केवळ तारेवरचा ताण दाखवणारा काटा पाहत चालते. नळीच्या आतला आणि बाहेरचा दाब आधी सारखा करून घेतला नाही, तर सुटलेल्या झडपेसकट अवजार वर फेकले जाते आणि तारेचा गुंता होतो. तो काढणे हे मूळ कामापेक्षा मोठे काम. अनुभवी ऑपरेटरला इथे पर्याय नाही.

तारेत वीजवाहक असला की विहिरीतली माहिती वर येते. कॉनराड आणि मार्सेल श्लुम्बर्जे या बंधूंच्या तंत्राने ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या पेशेलब्रॉन इथे विहिरीची पहिली विद्युत नोंद घेतली गेली; आजची इलेक्ट्रिक लाइन त्याच घराण्यातली. पाणी नेमके कोणत्या थरातून येते हे फिरत्या पात्याच्या आणि इतर मापकांच्या नोंदीवरून कळते. मग त्या थराच्या वर प्लग बसवायचा आणि तेल शिल्लक असलेल्या वरच्या थरासमोर स्फोटक भरून नळीला नवी छिद्रे पाडायची. चार-पाच दिवसांच्या अशा कामाने पाणीच देऊ लागलेली विहीर पुन्हा तेलाला लागू शकते.

आडव्या विहिरींत मात्र तार लटकून पुढे जात नाही. वजन भिंतीवर पडून राहते. त्यावर चाकांचा ट्रॅक्टर निघाला. विजेवर चालणारी चाके नळीच्या भिंतीला रेटून अवजार पुढे ओढत नेतात. १९९४ मध्ये डेन्मार्कमध्ये स्थापन झालेल्या वेलटेक कंपनीचे नाव याच यंत्राने झाले.

तारेला एक गोष्ट जमत नाही : तिच्यातून काही पंप करता येत नाही. वाळू धुऊन काढणे, आम्ल नेमक्या थरापर्यंत पोचवणे, नायट्रोजन सोडून बसलेली विहीर वाहती करणे यांसाठी कॉइल्ड ट्युबिंग लागते. ही रिळावर गुंडाळलेली अखंड पोलादी नळी. १९६२ च्या सुमारास अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर वाळू धुण्यासाठीच ती प्रथम वापरात आली. तिचे आयुष्य मोठे चमत्कारिक आहे. रिळावरून सुटताना ती सरळ होते, वरच्या कमानीवर वाकते, इंजेक्टरमध्ये शिरताना पुन्हा सरळ होते. बाहेर येताना हेच उलट. एका फेरीत सहा वेळा पोलाद कायमचे वाकण्याच्या हद्दीपलीकडे जाते. त्यामुळे नळीचा कोणता तुकडा किती वेळा आणि किती दाबाखाली वाकला याचा हिशेब ठेवतात आणि ती तडकण्यापूर्वीच मोडीत काढतात.

ही सगळी साधने प्लॅटफॉर्मवर सोपी आहेत. तीनशे-चारशे मीटर पाण्याखालच्या विहिरीसाठी पूर्वी तरंगती रिगच आणावी लागे, आणि २०१२-१३ च्या तेजीत नव्या रिगचे दिवसाचे भाडे पाच लाख डॉलरच्या घरात गेले होते. त्या भावात एक झडप बदलायला कोण जाणार? ब्रिटिश समुद्रात ‘सीवेल’ हे जहाज १९८७ पासून अशी हलकी कामे करू लागले. नॉर्वेत स्टॅटऑइलने, म्हणजे आजच्या इक्विनॉरने, २००० च्या दशकाच्या मध्यापासून ‘आयलंड फ्रंटियर’ आणि पुढे ‘आयलंड वेलसर्व्हर’ यांसारखी जहाजे लावली.

या पद्धतीत जहाजापासून विहिरीपर्यंतची जाडजूड रायझर नळी गाळून टाकतात. झडपांचा संच आणि लुब्रिकेटर थेट समुद्रतळावर, विहिरीच्या तोंडावर बसतो. तार जहाजाच्या मधल्या विवरातून उघड्या समुद्रातून खाली जाते, आणि तिच्याभोवतीचा बंदोबस्त तळाशीच असतो. पीळदार तारेच्या फटींत दाबाने ग्रीस भरून गळती रोखतात. दूरनियंत्रित पाणयान दिवे आणि कॅमेरे घेऊन शेजारी घिरट्या घालते. जहाज नांगर टाकत नाही. उपग्रहाच्या आधाराने संगणक त्याचे प्रोपेलर चालवून त्याला जागेवर धरतो. ते भरकटलेच, तर तार कापून तळाच्या झडपा बंद होतात. मोठी अडचण वेगळीच आहे. तिथले पाणी चार-पाच अंशांचे, दाब प्रचंड; अशा ठिकाणी वायू आणि पाणी भेटले की बर्फासारखे हायड्रेट गोठते आणि अवजार अडकते. म्हणून प्रत्येक वेळी झडप उघडण्यापूर्वी लुब्रिकेटरमधले समुद्राचे पाणी काढून ग्लायकॉल भरतात. कंटाळवाणे काम, पण ते चुकवून चालत नाही.

अशा जहाजाचा खर्च रिगच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत येतो. पूर्वी हिशेबात न बसणाऱ्या विहिरी त्यामुळे दुरुस्तीच्या यादीत आल्या. मात्र रायझर नसल्याने या जहाजावरून नेहमीची कॉइल्ड ट्युबिंग सोडता येत नाही आणि उत्पादननळी उपसण्याचा तर प्रश्नच नाही. हलके जहाज आणि पूर्ण रिग यांच्यामधल्या कामांसाठी स्टॅटऑइलने २०१२ मध्ये ‘कॅटेगरी बी’ नावाच्या मधल्या वर्गाच्या रिगचा करार केला. तो पुढच्याच वर्षी रद्द झाला. मधली पायरी कागदावर जितकी आकर्षक दिसते, तितकी ती बांधणे स्वस्त नसते.

स्वस्ताईही सापेक्ष आहे. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले, रिगांचे भाडेही निम्म्याखाली आले आणि जहाजांचा फायदा आक्रसला. पण त्याच काळात त्यांना दुसरे काम मिळाले. विहीर कायमची बंद करताना नळीत खोल प्लग बसवणे, नळीला छिद्रे पाडणे, ती खालून कापून ठेवणे ही पूर्वतयारी आता जहाज करते, आणि महागडी रिग फक्त नळी उपसून सिमेंट भरण्यापुरती येते.