प्रतिकृती-विमानांतील लिथियम पॉलिमर बॅटरी : सुरक्षित चार्जिंग व वापर

सारांश :
दूरनियंत्रित विमाने, ड्रोन, मोटारी व नौका यांच्या प्रतिकृतींमध्ये लिथियम पॉलिमर बॅटरीचा वापर आज सर्वत्र होतो. वजनाच्या मानाने अधिक ऊर्जा आणि अल्पावधीत मोठा विद्युतप्रवाह देण्याची क्षमता हे तिचे प्रमुख गुण होत. मात्र मोबाइलच्या बॅटरीत असणारा संरक्षक परिपथ या बॅटरीत बहुधा नसतो. त्यामुळे संरक्षणाचे कार्य चार्जर व तो हाताळणारी व्यक्ती यांना करावे लागते. प्रस्तुत लेखात या बॅटरीची रचना, तिच्या व्होल्टतेच्या मर्यादा, चार्जिंगची पद्धत आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेत घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे.

१. प्रस्तावना
लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. या बॅटरीच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लिथियम पॉलिमर बॅटरी ही याच कुळातील होय. ‘पॉलिमर’ या शब्दामुळे तिच्यात घन बहुवारिक पदार्थ असावा असा समज होतो. परंतु प्रतिकृतींसाठी मिळणाऱ्या बहुतेक बॅटऱ्यांमध्ये ज्वलनशील सेंद्रिय द्रावक असलेला द्रवरूप किंवा जेलसदृश विद्युत अपघटनीच असतो. खरा फरक आवरणात आहे. धातूच्या कठीण नळीऐवजी येथे ॲल्युमिनिअमचा थर असलेली मऊ पिशवी वापरतात. त्यामुळे वजन घटते. पण टोचणे, दाबणे व आपटणे यांपासून मिळणारे संरक्षणही घटते.

निकेल-कॅडमिअम बॅटरी वापरणाऱ्या पिढीला चार्जिंग ही फारशी लक्ष न देता होणारी क्रिया वाटत असे. मोबाइलच्या सवयीने आजच्या विद्यार्थ्यालाही तसेच वाटते. हीच सवय लिथियम पॉलिमर बॅटरीच्या बाबतीत धोक्याची ठरते.

२. बॅटरीवरील खुणांचा अर्थ
शिकाऊ प्रतिकृती-विमानात सामान्यतः वापरली जाणारी बॅटरी उदाहरणादाखल घेता येईल. तिच्यावर ‘३एस, २२०० मिलिअँपिअर-तास, २५सी’ असे लिहिलेले असते. ‘३एस’ म्हणजे तीन घट एकसरीत जोडलेले आहेत. एका घटाची नाममात्र व्होल्टता ३.७ असल्याने संपूर्ण बॅटरीची नाममात्र व्होल्टता ११.१ होते. २२०० मिलिअँपिअर-तास ही क्षमता होय. ‘सी’ हे क्षमतेच्या प्रमाणात विद्युतप्रवाह मोजण्याचे माप आहे. येथे १सी म्हणजे २.२ अँपिअर आणि २५सी म्हणजे ५५ अँपिअर. छापील ‘सी’ अंक डिस्चार्जचा असतो, चार्जिंगचा नव्हे, हे विशेषत्वाने लक्षात ठेवावे.

या बॅटरीत सुमारे २४ वॉट-तास, म्हणजे जवळजवळ ८८ हजार जूल ऊर्जा साठते. तळहातावर मावणाऱ्या वस्तूतील ही ऊर्जा अल्पावधीत मुक्त झाली, तर तिचे परिणाम गंभीर होतात.

३. व्होल्टतेच्या मर्यादा व त्यांची कारणे
पूर्ण चार्ज झालेल्या घटाची व्होल्टता ४.२ असते. वापर चालू असताना ती ३.० च्या खाली जाऊ देऊ नये. या दोन मर्यादांमधील पट्टा हाच घटाचा सुरक्षित प्रदेश होय.

वरची मर्यादा ओलांडल्यास ऋण इलेक्ट्रोडच्या ग्रॅफाइटमध्ये लिथियमचे आयन सामावत नाहीत व पृष्ठभागावर धातुरूप लिथियम साचू लागते. त्याचे सुईसारखे स्फटिक विभाजक पटल भेदून अंतर्गत लघुपरिपथ घडवू शकतात. त्याच वेळी अपघटनीचे विघटन होऊन वायू निर्माण होतो आणि पिशवी फुगते. तापमान वाढत गेल्यास सुमारे १३० अंश सेल्सिअसला पॉलिथिलीनचे विभाजक पटल वितळते. कोबाल्टयुक्त धन इलेक्ट्रोडमधून ऑक्सिजन मुक्त होतो आणि अभिक्रिया स्वतःच स्वतःला तापवीत पुढे जाते. खालची मर्यादा ओलांडल्यास ऋण इलेक्ट्रोडवरील तांब्याची पत्री विरघळू लागते. असा घट पुन्हा चार्ज करताना धोका संभवतो.

येथे एक सूक्ष्म मुद्दा महत्त्वाचा आहे. मर्यादा बॅटरीला नसून प्रत्येक घटाला आहे. तीन घटांची एकूण व्होल्टता १२.६ दिसत असली, तरी ती ४.३५, ४.१५ आणि ४.१० यांची बेरीज असू शकते. एकूण आकडा निर्दोष, पण एक घट धोक्याच्या प्रदेशात, अशी ही स्थिती होय. म्हणूनच अशा बॅटरीला मुख्य दोन तारांखेरीज प्रत्येक घटाची व्होल्टता मोजणारी समतोल-जोडणी दिलेली असते. तीन घटांच्या बॅटरीत तिला चार तारा असतात.

४. चार्जिंगची योग्य पद्धत
या बॅटरीसाठी तिच्याकरिताच बनविलेला समतोल-चार्जर वापरावा. असा चार्जर प्रथम स्थिर विद्युतप्रवाह देतो. घट ४.२ व्होल्टला पोचल्यावर तो व्होल्टता स्थिर ठेवून प्रवाह कमी करीत नेतो आणि प्रवाह बराच घटल्यावर चार्जिंग थांबवितो. चार्जिंगपूर्वी पुढील बाबी तपासाव्यात.

(अ) बॅटरीचा प्रकार : निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी पूर्ण भरली की तिची व्होल्टता किंचित उतरते व त्यावरून चार्जर थांबतो. लिथियम पॉलिमर बॅटरीत अशी उतरण होत नाही. त्यामुळे चुकून निकेलची पद्धत निवडल्यास चार्जर मर्यादेवर थांबत नाही. उच्च व्होल्टतेच्या लिथियम बॅटरीची पद्धत निवडल्यास साधा घटही ४.३५ व्होल्टपर्यंत नेला जातो.

(आ) घटांची संख्या : दोन घटांच्या बॅटरीला तीन घटांची मांडणी लावल्यास चार्जर १२.६ व्होल्टचे लक्ष्य ठेवतो, म्हणजे प्रत्येक घटामागे ६.३ व्होल्ट. चांगला चार्जर समतोल-जोडणीवरून ही चूक ओळखतो. म्हणून ती जोडणी कधीही वगळू नये.

(इ) विद्युतप्रवाह : उत्पादकाने स्पष्टपणे अधिक मर्यादा दिली नसल्यास १सी हाच नियम पाळावा. उदाहरणातील बॅटरीसाठी तो २.२ अँपिअर होय.

(ई) बॅटरीची स्थिती : फुगलेली, टोचलेली, आपटून वाकलेली किंवा गरम असलेली बॅटरी चार्जरला लावू नये. शून्य अंशाखाली चार्जिंग केल्यास लिथियम धातू साचतो, तर सुमारे ४५ अंशांवर घटाची झीज वाढते. मे महिन्यात विदर्भात भर दुपारी मैदानावरच चार्जिंग करणे या दृष्टीने अयोग्य ठरते.

चार्जिंग फरशी किंवा काँक्रीटसारख्या न जळणाऱ्या पृष्ठभागावर, कागद, थर्माकोल व पडदे यांपासून दूर करावे. अग्निरोधक पिशवी उपयुक्त असली, तरी ती देखरेखीला पर्याय नाही. चार्जिंग चालू असताना जाणती व्यक्ती तेथे उपस्थित असणे हा सर्वांत महत्त्वाचा नियम होय. रात्रभर प्रयोगशाळेत किंवा वसतिगृहाच्या खोलीत झोपेच्या वेळी चार्जिंग कदापि करू नये.

५. वापरातील दक्षता
क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच बॅटरी वापरावी असा संकेत आहे. २२०० मिलिअँपिअर-तासांपैकी १७६० वापरावयाचे आणि सरासरी प्रवाह १५ अँपिअर असेल, तर उड्डाणकाळ सुमारे सात मिनिटे येतो. घड्याळ लावून त्यापूर्वी विमान उतरवावे. वेगनियंत्रक कमी व्होल्टतेला मोटारीची शक्ती कमी करतो हे खरे; परंतु तो सहसा एकूण व्होल्टताच पाहतो, दुर्बळ घट त्याला वेगळा ओळखता येत नाही.

विमान कोसळल्यास बॅटरी वरून ठीक दिसली तरी लगेच सामानात भरू नये. अंतर्गत इजेचा परिणाम काही वेळाने प्रकट होऊ शकतो. ती मोकळ्या जागी, वाळूवर ठेवून निरीक्षण करावे.

६. साठवण, वाहतूक व विल्हेवाट
काही दिवस वापर नसल्यास प्रत्येक घट सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावा. पूर्ण भरलेल्या अवस्थेत साठविल्यास आयुष्य घटते व धोका वाढतो. टोकांवर आवरण असावे, म्हणजे किल्ली किंवा पकड लागून लघुपरिपथ होणार नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत बॅटरी ठेवू नये. विमानप्रवासात सुटी लिथियम बॅटरी मालकक्षात जाणाऱ्या सामानात ठेवता येत नाही. ती प्रवाशाने स्वतःजवळ ठेवावी लागते.

निकामी बॅटरी मिठाच्या पाण्यात बुडवावी असा सल्ला प्रचलित आहे. परंतु पाण्यात जोडणीची टोके गंजून डिस्चार्ज अर्धवट थांबू शकतो. बाह्यतः निर्दोष बॅटरी लहान दिव्याच्या साहाय्याने, मोकळ्या जागी, देखरेखीखाली सावकाश रिकामी करणे अधिक योग्य. इजा झालेली बॅटरी मात्र तशीच, वाळूत ठेवून सोपवावी. भारतात २००१ चे बॅटरीविषयक नियम शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी लिथियमसह सर्व प्रकार कक्षेत आणले. त्यामुळे अशी बॅटरी सामान्य कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलकाकडे देणे आवश्यक आहे.

७. आग लागल्यास
धूर दिसताच धोका नसल्यास प्रथम विद्युतपुरवठा बंद करावा व सर्वांना बाहेर काढावे. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असू शकतात. लहान बॅटरीवर कोरडी वाळू टाकल्यास ज्वाळा आवरतात. भुकटीच्या अग्निशामकाने ज्वाळा शमल्या, तरी घट थंड होत नाही व पुन्हा पेट घेऊ शकतो. पुरवठा तोडल्यानंतर भरपूर पाणी वापरून थंड करणे योग्य ठरते.

८. समारोप
मोबाइलमध्ये परिपथ जे कार्य न सांगता करतो, ते प्रतिकृतीच्या बॅटरीत माणसाने जाणीवपूर्वक करावयाचे असते. म्हणून महाविद्यालयात प्रत्येक बॅटरीस क्रमांक द्यावा. खरेदीचा दिनांक, प्रत्येक चार्जिंगनंतरची घटनिहाय व्होल्टता व अपघातांची नोंद वहीत ठेवावी. चार्जिंगची जागा व जबाबदार शिक्षक निश्चित करावेत. घटांमधील फरक वाढत असल्याचे ही नोंदवही बॅटरी फुगण्यापूर्वी दाखवू शकते. विद्यार्थ्यांना उड्डाण शिकविण्यापूर्वी त्यांना चार व्होल्टमापने वाचावयास शिकविणे, हा या विषयाच्या अध्यापनाचा योग्य प्रारंभ ठरेल.