डिप्रेशन लॅबमध्ये कोडिंग करणाऱ्या विद्यार्थ्याला काय काम असतं?

डिप्रेशनवर संशोधन म्हटलं की सायकॉलॉजीचे किंवा मेडिकलचे विद्यार्थी डोळ्यांसमोर येतात. पण विद्यापीठांच्या अशा लॅबमध्ये आता कोड लिहिणारेही लागतात. कारण डिप्रेशनमध्ये झोप, फिरणं, लोकांशी बोलणं बदलू शकतं, आणि यातलं बरंचसं आपल्या खिशातला फोन टिपू शकतो.

फोन नेमकं काय मोजतो?

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचा 'स्टुडंटलाइफ' हा अभ्यास बघा. २०१३ मध्ये ४८ विद्यार्थ्यांच्या अँड्रॉइड फोनवर एक अ‍ॅप १० आठवडे चालवलं गेलं. अ‍ॅक्सेलरोमीटरवरून हालचाल कळायची. उजेड, आवाज आणि फोन किती वेळ लॉक आहे यावरून झोपेचा अंदाज यायचा. आजूबाजूला संभाषण चालू आहे का एवढंच माइकवरून ओळखलं जायचं. कोण काय बोललं ते साठवलं जात नव्हतं.

याच्या जोडीला सुरुवातीला आणि शेवटी 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली भरून घेतली. यात मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे जास्तीत जास्त २७. ज्यांची झोप आणि संभाषणं कमी, त्यांचा स्कोअर जास्त असण्याकडे कल दिसला.

पण हे ४८ जण एकाच कॉलेजचे होते. शिवाय टर्म पुढे सरकली, अभ्यास वाढला, तशी झोप कमी झाली. परीक्षेच्या आठवड्यात कोणाची होत नाही? त्यामुळे 'फोनने डिप्रेशन ओळखलं' असं म्हणणं चूक. दोन गोष्टींत संबंध दिसला, निदान झालेलं नाही.

तुमच्या वाट्याला काय येईल?

मॉडेल बनवणं हा कामाचा छोटा भाग. बाकीचं असं:

- डेटा साफ करणं: सहा तास लोकेशन आलं नाही. बॅटरी संपली, अँड्रॉइडने बॅकग्राउंडमधलं अ‍ॅप बंद केलं, की त्या व्यक्तीनेच फोन बाजूला ठेवला? तिन्हींचा अर्थ वेगळा. रिकाम्या जागी सरसकट शून्य टाकलं तर निष्कर्षच बदलतो.
- अ‍ॅप टेस्ट करणं: अभ्यास सुरू होण्याआधी ते टीमच्या फोनवर काही दिवस चालवून बघणं.
- संमतीपत्र तपासणं: त्यात लिहिलंय तेवढाच डेटा अ‍ॅप घेतंय ना, हे कोड वाचणाराच सांगू शकतो.

नववा प्रश्न

पीएचक्यू-९ मधला शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. समजा रात्री दोन वाजता कोणीतरी तिथे '३' निवडून सबमिट केलं. डेटाबेससाठी तो फक्त एक आकडा. पण तो सोमवारी सकाळी एक्सेल शीटमध्ये दिसला तर काय उपयोग?

म्हणून असं उत्तर आलं की अलर्ट कोणाला जाणार, किती वेळात, फोन कोण करणार, हे आधीच ठरवावं लागतं. उत्तरं लगेच कोणी बघणार नसेल, तर तसं स्क्रीनवर स्पष्ट लिहून हेल्पलाइनचा नंबर द्यावा लागतो. अलर्टचा कोड विद्यार्थी लिहील. पुढे काय करायचं ते तज्ज्ञ डॉक्टर ठरवतात.

सुरुवात कशी कराल?

स्टुडंटलाइफचा डेटा नावं काढून सगळ्यांसाठी खुला केलेला आहे. पायथन, पांडास आणि बेसिक स्टॅटिस्टिक्स येत असेल तर घरी बसून सराव करता येईल. मग आपल्या विद्यापीठाच्या सायकॉलॉजी विभागातल्या किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागातल्या प्राध्यापकांना छोटा ईमेल लिहा: त्यांचा कोणता पेपर वाचला, काय प्रश्न पडला, आठवड्याला किती तास देऊ शकता. नुसता रेझ्युमे जोडून पाठवू नका.

आणि फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून हॉस्टेलच्या मित्रांवर असं अ‍ॅप परस्पर चालवू नका. माणसांचा असा डेटा गोळा करण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी हवीच.

वाचताना स्वतःची किंवा मित्राची आठवण झाली असेल, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर २४ तास मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.