लोहचुंबक, कानस आणि काटा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली येणाऱ्या वस्तू ठरलेल्या असतात. शिट्टी हरवलेला कुकर, दांडा तुटलेली कढई, गळका नळ, जळालेला टेबलफॅन, वायरींचं एक भेंडोळं. रस्त्यावर भंगारवाल्याची हाळी ऐकू आली की सगळं एका पोत्यात कोंबून खाली जातं आणि दोन-चार रुपयांच्या घासाघिशीवर व्यवहार उरकतो. खरा तोटा मात्र पोतं भरतानाच झालेला असतो. सरमिसळ माल त्यातल्या स्वस्त धातूच्या भावानं धरला जातो. यात दरवेळी लबाडीच असते असं नाही. निवडायचं काम पुढे कुणाला तरी करावंच लागतं, त्याची मजुरी आधीच कापली जाते. ती निवड घरी अर्ध्या तासात होते. एक लोहचुंबक, एक जुनी कानस आणि एक स्क्रूड्रायव्हर पुरे.

आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंड: पत्रा, सळई, खिळे, बिडाचा तवा. नाही चिकटलं तर तांबं, पितळ, ॲल्युमिनियम किंवा स्टील. स्टीलच्या बाबतीत जरा थांबायला हवं. चुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील उंची, असा आपल्याकडे पक्का समज आहे. निकेल भरपूर असलेल्या चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे खरं. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या स्वस्त स्टीललाही ते चिकटत नाही. दोन्हींच्या भावात फरक पडतो आणि तो ओळखणं गोदामवाल्याच्या अनुभवाचं काम आहे. आपण स्टील वेगळं ठेवलं, एवढं पुष्कळ झालं.

मग कानस. नळावर चकचकीत मुलामा असतो, त्यामुळे वरून काहीच कळत नाही. नळ उलटा करून मागच्या आट्यांजवळ दोन-तीनदा कानस ओढा. आतून पिवळं दिसलं तर पितळ. करडं-पांढरं दिसलं आणि नळ हाताला हलका लागला, तर ती जस्ताची ओतीव मिश्रधातू असते. बाजारात तिला पितळेच्या जवळपासही भाव नाही. पुष्कळदा नळाचं धड पितळेचं आणि मूठ जस्ताची निघते. मूठ एका स्क्रूवर असते, काढून टाकावी. पंख्याच्या वाइंडिंगचंही तसंच. तांबूस रंग बघून हुरळून जाऊ नका, ॲल्युमिनियमच्या तारेवरही तशाच रंगाचं वार्निश चढवलेलं असतं. तार ब्लेडनं खरवडली की पांढरी किंवा लाल, लगेच कळतं.

आता कुकर. शिट्टी, गॅस्केट, दांड्यांचे स्क्रू, झाकणाची लोखंडी पट्टी, हे सगळं उतरवून नुसतं भांडं द्या. वरवर ही नसती उठाठेव वाटेल, पण कारण भट्टीत आहे. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात लोखंडी स्क्रू राहिला तर लोखंड त्या रसात हळूहळू विरघळतं आणि मग ते बाहेर काढणं जवळजवळ अशक्य. अशा ॲल्युमिनियमचे सुटे भाग ठिसूळ होतात, म्हणून माल खालच्या प्रतीत जातो. एरवी हा धातू वितळवून पुन्हा वापरायला खनिजापासून नवा काढण्याच्या तुलनेत सुमारे पाच टक्के ऊर्जा लागते. जुनं भांडं फुकट घालवू नये ते यासाठी.

लोखंडाचा प्रवास बहुधा दुकानातून गोदामात, तिथून भट्टीवर. महाराष्ट्रात या धंद्याचं मोठं केंद्र जालना. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांमध्ये भंगार आणि स्पंज आयर्न सुमारे 1,600 अंशांवर वितळतं, त्याच्या कांड्या ओततात आणि त्या लाटून बांधकामाची सळई निघते. गॅल्व्हनाइज पत्र्यावरचं जस्त भट्टीत पांढऱ्या धुरासारखं उडून जातं. ॲल्युमिनियम जळून मळीत मिसळतं, म्हणजे किमती धातू वाया. तांब्याचं दुखणं याहून वाईट. ते ना उडतं, ना जळतं. लोखंडाच्या आधी ऑक्सिजन धरण्याचा त्याचा स्वभावच नाही, त्यामुळे पोलादात एकदा उतरलं की मुक्काम कायमचा. टनामागे चार-पाच किलो तांबं जमलं तर लाल तापलेली कांडी लाटताना तिच्या पृष्ठभागाला भेगा पडू शकतात. आपण टेबलफॅन वाइंडिंगसकट 'लोखंड' म्हणून दिला, तर नुकसान आपलं आणि भट्टीवाल्याचंही.

वायरींबद्दल एकच सांगायचं. तांबं काढण्यासाठी त्या जाळू नका आणि कुणी जाळत असेल तर त्याला देऊ नका. वरचं आवरण पीव्हीसीचं असतं. उघड्यावर जाळलं की आम्लाचा धूर आणि डायॉक्सिनसारखी विषं निघतात. सोलून काढलेल्या तांब्याला जळक्या तांब्यापेक्षा भावही चांगला येतो. सोलायचा कंटाळा असेल तर वायर तशीच द्या, थोडा कमी भाव घ्या.

तोलताना बोलायला संकोच वाटून घेऊ नये. काटा वैधमापन विभागाकडून पडताळून घेणं व्यापाऱ्याला बंधनकारक आहे, पण दारात लटकवलेल्या काट्यावर शिक्का शोधत कोण बसतं? घरातली पाच किलोची न फोडलेली पिठाची पिशवी आधी लावायला सांगा. चांगला भंगारवाला हसून लावतो.

काही वस्तू पोत्यात घालूच नयेत. गॅसचा सिलिंडर आपला नसतो, तो कंपनीचा. एजन्सीकडेच परत जातो. अर्धवट भरलेले स्प्रेचे डबे प्रेसमध्ये दाबताना फुटतात. मोबाइल आणि लॅपटॉपच्या लिथियम बॅटऱ्या चेचल्या की पेट घेतात. त्या ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्याव्यात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसं आणि आम्ल असतं. ती नवी घेताना दुकानदाराला द्यावी, जुनीचे पैसे वळते होतात. आम्ल मोरीत ओतून रिकामं खोकं विकायचा उद्योग मात्र करू नये. जुना फ्रिज घरी फोडायला देऊ नका, कॉम्प्रेसरमधला वायू आणि तेल मोकळं होतं.

राहिली आजीची तांब्या-पितळेची भांडी. ती सरळ भंगारात घालण्याआधी भांड्यांच्या दुकानात विचारा. मोडीत घातली तर त्यांचे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वळते होतात आणि मोडीचा भाव अनेकदा फेरीवाल्यापेक्षा सरस असतो. रोखच हवी असेल तर आधी दोन ठिकाणी भाव विचारून घ्या. तांब्याचे दर बाजाराप्रमाणे वर-खाली होतात, गेल्या महिन्याचा आकडा धरून बसू नका.