ठोके मोजलेले, कॅलरी अंदाजाच्या

मुंबई मॅरेथॉनचा दिवस. पेडर रोडचा चढ आणि सागरी सेतूवरचं ऊन अंगावर घेतलेले हजारो धावपटू दुपारपर्यंत आपापल्या घड्याळातले आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात: अंतर, वेळ, हृदयाचे सरासरी ठोके आणि जाळलेल्या कॅलरी. पहिले तीन आकडे बऱ्यापैकी खरे असतात. चौथ्याच्या भरवशावर कोणी रात्रीचं जेवण ठरवू नये, आणि आपण भारतीयांनी तर मुळीच नाही.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. युअन अ‍ॅशली यांच्या गटानं 2017 मध्ये मनगटावरची 7 उपकरणं 60 स्वयंसेवकांवर तपासली. ठोक्यांच्या बाबतीत 7 पैकी 6 उपकरणांची चूक 5 टक्क्यांच्या आसपास राहिली. कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगलं उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं, आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. त्यानंतर घड्याळांच्या कित्येक पिढ्या आल्या, सेन्सर सुधारले. पण कॅलरीची अडचण मुळात सेन्सरची नाहीच.

ऊर्जेचा खर्च नीट मोजायचा तर तोंडावर मुखवटा लावून श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड तपासावा लागतो. मनगटावर त्यातलं काहीच होत नाही. हिरव्या दिव्याच्या उजेडात नाडी दिसते, हाताची हालचाल कळते, आणि सुरुवातीला आपण भरलेलं वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष एवढंच घड्याळाला ठाऊक असतं. बाकीचं गणित कंपनीच्या सूत्राचं. ते सूत्र कोणत्या माणसांवर बेतलं, हे कंपन्या सहसा सांगत नाहीत.

इथं मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची आठवण होते. 2004 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या प्रा. जॉन यूडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण क्ष-किरणांनी तपासल्यावर यूडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. यूडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ते गाठणं, असं त्यांनी स्वतःच मोकळेपणानं लिहिलं. पण सगळा दोष आळसाच्या माथी मारता येणार नाही, हेच त्यांचं आयुष्यभराचं संशोधन सांगतं. पुण्याजवळच्या 6 गावांत त्यांनी गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं स्नायूंत आणि अवयवांत उणी पडली होती, चरबीत मात्र फारशी नाही. हाडकुळ्या दिसणाऱ्या शरीरातली ही चरबी पुढं मधुमेहाची वाट सोपी करते.

आता हे घड्याळाला लावून पाहा. विश्रांतीच्या वेळी किलोभर स्नायू किलोभर चरबीच्या साधारण तिप्पट ऊर्जा खर्च करतात. याज्ञिक आणि यूडकिन यांच्यासारख्या दोघांनी सारखंच वय, उंची आणि वजन भरलं, तर घड्याळ दोघांच्याही दिवसभराच्या खर्चाचा पाया एकच धरणार. ते चूकच आहे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी तर 1990 च्या दशकातच दाखवून दिलं होतं की, आंतरराष्ट्रीय सूत्रं भारतीयांचा विश्रांतीतला खर्च प्रत्यक्षापेक्षा जास्त धरतात. म्हणजे ज्याला पोट कमी करायचं आहे, त्यालाच घड्याळ फुगवलेला आकडा देण्याची शक्यता जास्त.

धावण्यापुरतं बोलायचं तर घड्याळाची गरजही नाही. सपाट रस्त्यावर एक किलोमीटर धावायला वजनाच्या दर किलोमागं साधारण एक कॅलरी लागते, वेग काहीही असो. 70 किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर धावायला 3,000 च्या आसपास कॅलरी लागतात. मुंबईच्या दमट हवेत मात्र शरीर थंड ठेवायला हृदय जास्त धडधडतं, ठोके चढतात, आणि ठोक्यांवर हिशेब करणारं घड्याळ तेवढी ऊर्जाही खर्ची पडली असं समजतं. वजनं उचलताना आणि सूर्यनमस्कारात वेगळीच अडचण: मनगट दुमडतं, त्यावर भार येतो, आणि नाडीच धड वाचता येत नाही. पावलांचंही तेच. बाबागाडी ढकलत दोन किलोमीटर चालणाऱ्या आईचे हात हलत नाहीत, म्हणून तिची कित्येक पावलं नोंदवलीच जात नाहीत.

खरं नुकसान होतं ते जेवणाच्या ताटाशी. घड्याळानं 400 दाखवल्या म्हणून कोणी सुमारे 300 कॅलरींचा वडापाव निर्धास्त खातो. प्रत्यक्षात खर्च 290 चाच असला तर हिशेब कधीच उलटा फिरलेला असतो, आणि हे रोज घडतं. पिट्सबर्ग विद्यापीठात 471 तरुण-तरुणींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. दोन वर्षांत हालचाल मोजणारं उपकरण वापरणाऱ्यांचं वजन सरासरी 3.5 किलोनं घटलं, तर फक्त नेहमीचं मार्गदर्शन घेणाऱ्यांचं 5.9 किलोनं. कारण त्या चाचणीतून उलगडलं नाही, पण उपकरण घातलं की वजन उतरतं, या जाहिरातीला ती सरळ छेद देते.

घड्याळ काढून ठेवा, असं मी म्हणणार नाही. सकाळी उठल्यावरचे विश्रांतीतले ठोके दर आठवड्याला टिपून ठेवा. नियमित व्यायामानं ते हळूहळू उतरताना दिसतात, आणि तो आकडा मोजलेला असतो. आपली या महिन्यातली पावलं आपल्याच गेल्या महिन्याशी ताडून पाहायलाही हरकत नाही, कारण चूक दोन्हीकडं बहुधा सारखीच असते. कॅलरीचा रकाना बहुतेक घड्याळांत पहिल्या पडद्यावरून हलवता येतो. तो हलवावाच.

कंपन्यांकडं मात्र एक मागणी आग्रहानं करायला हवी. भारत स्मार्टवॉचच्या जगातल्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे. इथं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक घड्याळाच्या खोक्यावर कॅलरीच्या आकड्यात किती टक्के चूक असू शकते ते छापावं, आणि ती चाचणी भारतीय स्त्री-पुरुषांवर झाली की नाही हेही. श्वासावरून ऊर्जेचा खर्च मोजण्याची सोय आणि ते काम वर्षानुवर्षं केलेली माणसं आपल्याकडं आहेत.