इस्पितळातील दोन वर्षे

घरातील लहानमोठ्या दुखण्यांत ज्याला आपण प्रथम बोलावतो, त्या डॉक्टराने स्वतंत्र दवाखाना थाटण्यापूर्वी इस्पितळात किती काळ उमेदवारी करावी, हा प्रश्न वरकरणी एखाद्या खात्याच्या दप्तरातला वाटला, तरी त्याचा निकाल लावण्यास इंग्लंडला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. १९४८ च्या जुलैत तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा रुजू झाली आणि दोनच वर्षांनी जोसेफ कॉलिंग्ज यांच्या ‘लॅन्सेट’मधील अहवालाने तेथील दवाखान्यांची शोचनीय अवस्था चव्हाट्यावर मांडली, तरीही पुढे दीर्घकाळ, इस्पितळातील सक्तीचे एक वर्ष उरकलेल्या तरुणास कुटुंबाचा डॉक्टर होण्यासाठी कायद्याने निराळे शिक्षण घ्यावे लागत नसे. १९६८ साली लॉर्ड टॉड यांच्या आयोगाने या व्यवसायासाठीही स्वतंत्र पदव्युत्तर प्रशिक्षणाचा आग्रह धरला, १९७६ मध्ये तसा कायदा झाला, आणि १९८२ पासून तीन वर्षांची मुदत पुरी करणे बंधनकारक ठरले: दोन वर्षे इस्पितळात, एक वर्ष अनुभवी डॉक्टराच्या दवाखान्यात.

बालरोग, प्रसूती, मनोविकार, वार्धक्यातील आजार, अपघातविभाग अशा खात्यांत सहा-सहा महिन्यांच्या नेमणुका घ्यावयाच्या, ही त्यातील सर्वसाधारण पद्धती. तिचे मर्म मला बालरोगाच्या कक्षात सर्वाधिक जाणवते. दवाखान्यात तापाने फणफणलेली मुले रोज येतात. बहुतेकांना विश्रांती आणि पाणी पुरते. परंतु क्वचित एखादे मूल मस्तिष्कावरणाचा दाह घेऊन येते, आणि त्याच्या अंगावरील पुरळ काचेच्या पेल्याने दाबूनही फिके पडत नाही. तसे मलूल, मान टाकलेले मूल ज्याने रात्रपाळीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, त्याची नजर शंभर मुलांतून नेमके तेच हेरते. ग्रंथ कितीही वाचला तरी ही नजर लाभत नाही.

मात्र इस्पितळात रोगी चाळणीतून गाळून आलेला असतो. हृदयाचा हृदयाकडे, पोटाचा पोटाकडे. दवाखान्यात तो नुसती छातीतली कळ सांगतो, आणि ती हृदयाची, जठराची की नुकत्याच ओढवलेल्या वैधव्याची, याचा निवाडा पहिल्या दहा मिनिटांत करावा लागतो. ही विद्या दवाखान्यातच शिकावी लागते. म्हणून अलीकडे इंग्लंडात एक वर्ष इस्पितळ आणि दोन वर्षे दवाखाना असे प्रमाण उलटले, ते मला सर्वथा योग्य वाटते.

इस्पितळातील ते उरलेले वर्ष तरी शिकण्यातच जावे, हा माझा आग्रह आहे. उमेदवारांना आठवड्यातून अर्धा दिवस कक्षातून मोकळे करून दवाखान्याच्या प्रश्नांवर चर्चेस पाठविण्याची तेथे जुनी प्रथा आहे. पण पाळीपत्रकात माणसे कमी पडली की प्रथम हाच अर्धा दिवस कापला जाण्याचा धोका असतो. ज्या विभागप्रमुखाला तो राखता येत नाही, त्याच्याकडे असे उमेदवार पाठवूच नयेत.