बारा महिने, बारा रंग : चिंध्यांच्या ढिगातून वर्षभरात एक गोधडी कशी उभी राहते

दिवाळी आणि लग्नसराई संपली की गावातल्या टेलरच्या दुकानामागे चिंध्यांचा ढीग लागतो. घरोघरीही तेच. माळ्यावर जुन्या साड्यांचे गाठोडे, कपाटाखाली ब्लाऊजपीसचे उरलेले तुकडे, लेकरांचे आखूड झालेले फ्रॉक. "गोधडी शिवायची आहे" म्हणून हे सगळे सांभाळले जाते. पण गाठोडे सोडले की एवढा पसारा समोर येतो की पुन्हा गाठ मारून ते वर ठेवले जाते. शेवटी एक दिवस ते भंगारवाल्याकडे जाते किंवा उकिरड्यावर पेटते.

यावर एक साधा उपाय आहे. चिंध्या रंगाप्रमाणे वेगळ्या करायच्या आणि दर महिन्याला एकाच रंगाचे फक्त दोन चौकोन शिवायचे. बारा महिन्यांत २४ चौकोन होतात आणि त्यातून ४ फूट बाय ६ फुटांची पूर्ण गोधडी तयार होते. परदेशातही क्विल्ट शिवणाऱ्या बायका अशीच महिन्याला एक रंग घेऊन उरलेल्या कापडाची विल्हेवाट लावतात. आपल्याकडे तर सणवारच रंगांचे आहेत, त्यामुळे ही पद्धत जास्तच सोपी जाते.

आताच का?

खानदेश म्हणजे कपाशीचा मुलूख. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल यांचे भोंगे एकेकाळी गावाला वेळ सांगायचे. आता त्या मिल बंद आहेत. शेतात कापूस अजूनही पिकतो, पण अंगावर तो कमी आणि पॉलिस्टर जास्त अशी गत झाली आहे. आजीचे नऊवारी सुती लुगडे, आजोबांचे धोतर, जुन्या सुती चादरी हे गोधडीचे खरे भांडवल. ते दरवर्षी कमी होत चालले आहे. आज घरात जे सुती कापड आहे ते बाजूला काढले नाही, तर पुढच्या पिढीच्या गोधडीत घाम न शोषणारे कापडच राहील.

आपल्याकडे गोधडीला दोन्ही ऋतूंत काम असते. उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा अंगणात, गच्चीवर किंवा धाब्यावर ती खाली अंथरायची. जानेवारीत धुळ्याकडे पारा एक आकडी होतो तेव्हा तीच अंगावर घ्यायची. दोन्ही कामांना सुतीच लागते.

रंगाप्रमाणे वेगळे करण्याचे चार फायदे

पहिला, कच्चा रंग सापडतो. लाल, काळा आणि गडद हिरवा हे रंग पाण्यात जास्त सुटतात. एका रंगाचे कापड एकत्र भिजवले तर फारसे नुकसान होत नाही. तोच लाल तुकडा पांढऱ्याशेजारी शिवला गेला, तर पहिल्याच धुण्यात गोधडी खराब होते.

दुसरा, काम आवाक्यात राहते. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी यातून बाईला सलग पंधरा दिवस मिळत नाहीत. महिन्यातून एक-दोन दुपारी मात्र काढता येतात.

तिसरा, गोधडी नीटनेटकी दिसते. एकाच हिरव्याच्या दहा छटा शेजारी आल्या की कोणतीही विजोड वाटत नाही.

चौथा, काय कमी आहे ते वेळेवर कळते. "पिवळे तुकडे कमी पडताहेत" हे वैशाखात समजले तर लग्नघरातून मागून आणता येतात.

कोणत्या महिन्यात कोणता रंग?

हा क्रम म्हणजे काही नियम नाही. ज्या महिन्यात जो रंग सहज हाती लागतो, त्याप्रमाणे तो लावला आहे.

चैत्र : केशरी. पाडव्याच्या गुढीपासून सुरुवात.
वैशाख : पिवळा. आखाजी, लग्ने आणि हळदी. टेलरकडे याच रंगाच्या कातरणी जास्त.
ज्येष्ठ : निळा. शाळा उघडतात, गणवेश शिवले जातात.
आषाढ : जांभळा. बाजारात जांभळे आलेली असतात, रंग लक्षात ठेवायला सोपा.
श्रावण : हिरवा. नागपंचमी, कानबाई, माहेरवाशिणींच्या हिरव्या साड्या.
भाद्रपद : लाल. गणपती-गौरीच्या सजावटीचे उरलेले सुती कापड.
आश्विन : राणी. नवरात्रात नऊ रंगांचे कपडे शिवले जातात, तेव्हा बाकीच्या रंगांचीही भरती करून घ्यावी.
कार्तिक : डाळिंबी. दिवाळीच्या शिवणकामातून.
मार्गशीर्ष : तपकिरी आणि खाकी. वेचणीचा मोसम असतो, म्हणून जुन्या शर्टांतून पटकन निघणारा रंग.
पौष : काळा. संक्रांतीला काळे कापड घराघरात येते.
माघ : राखाडी. पुरुषांच्या जुन्या सुती शर्टांतून.
फाल्गुन : रंगीबेरंगी. होळी-धुळवडीचा महिना. वर्षभर उरलेले छापील आणि कोणत्याही रंगात न बसणारे तुकडे इथे वापरायचे.

अधिक महिना आला तर नवा रंग घेऊ नका, मागे पडलेले चौकोन तेव्हा पूर्ण करा.

पांढरा रंग या यादीत नाही, कारण तो प्रत्येक चौकोनाच्या मधोमध येणार आहे. त्यासाठी जुने धोतर किंवा चादर आधीच बाजूला ठेवा. मधला पांढरा तुकडा सगळीकडे सारखा असला की बारा वेगवेगळे रंग एकाच गोधडीचे वाटतात.

कापड सुती आहे का, हे कसे ओळखायचे?

कापडाच्या कडेचे दोन-तीन धागे ओढून काढा. ते चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळते आणि थंड झाल्यावर टोकाला टणक मणी तयार होतो. राखही झाली आणि कडक कणही लागला तर कापड मिश्र आहे. हे काम लेकरांना लांब ठेवून, पाण्याची वाटी जवळ घेऊन करा.

कापड जाळायचे नसेल तर त्यावर पाण्याचा थेंब टाका. सुती कापड तो लगेच पिते. पॉलिस्टरवर बहुतेक वेळा थेंब तसाच थांबतो. पण खात्री जाळूनच होते.

मिश्र कापड अगदी टाकून द्यायला नको, त्याच्या पिशव्या आणि पायपुसणी होतात. गोधडीत मात्र सुतीशेजारी ते जोडू नये. दोन्ही कापडे धुतल्यावर वेगवेगळी आटतात आणि शिवण सुरकुतते.

रंग तपासण्यासाठी प्रत्येक रंगाचे तुकडे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. नंतर ओल्या तुकड्यावर पांढरे फडके घासा. फडक्याला रंग लागला तर तुकडा पुन्हा धुवा. तीन-चार वेळा धुऊनही रंग सुटत असेल तर तो बाजूला काढा. मीठ टाकून भिजवले म्हणजे कच्चा रंग पक्का होतो असा समज आहे, त्यावर विसंबू नका. नवे सुती कापड आटते, त्यामुळे टेलरकडून आणलेले तुकडेही कापण्याआधी एकदा धुतलेच पाहिजेत.

जुने कापड उजेडासमोर धरून पाहा. विरळ झालेले असेल तर ते वर लावू नका, आतल्या थरात घाला.

माप आणि शिवण

एक चौकोन म्हणजे नऊ तुकडे, तीन ओळींत तीन-तीन. आठ तुकडे त्या महिन्याच्या रंगाचे आणि मधला पांढरा. म्हणजे महिन्याला १६ रंगीत आणि २ पांढरे तुकडे लागतात.

प्रत्येक तुकडा साडेचार इंच बाय साडेचार इंच कापा. चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जातो, उरतात ४ इंच. तयार चौकोन कडेच्या शिवणीसकट साडेबारा इंच भरतो आणि शेजारच्याशी जोडल्यावर बरोबर १ फूट होतो.

मापासाठी बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा करून ठेवा आणि वर्षभर तोच वापरा. साचा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला धरून ठेवा. तिरपे, टेलरच्या भाषेत उरेब, कापलेले कापड ताणले जाते आणि चौकोन वाकडा होतो. तुकडा लहान पडला तर त्याच रंगाचे दोन तुकडे जोडून तो साच्याएवढा करा. गोधडीत जोड दिसला म्हणून काही बिघडत नाही.

आधी तीन-तीन तुकड्यांच्या पट्ट्या शिवा. पहिल्या आणि तिसऱ्या पट्टीच्या शिवणी एका बाजूला, मधल्या पट्टीच्या दुसऱ्या बाजूला दाबून इस्त्री करा. मग पट्ट्या जोडताना जाड गाठ येत नाही आणि कोपरे जुळतात. जोडकाम मशीनवर केले तरी चालते.

शिवून झालेले दोन चौकोन घडी करून, त्यात महिन्याच्या नावाची चिठ्ठी ठेवून जुन्या उशीच्या अभ्र्यात घाला. कडुनिंबाचा वाळलेला पाला सोबत ठेवा आणि पिशवी खुंटीला टांगा, उंदीर पोचणार नाहीत.

घरात बाळ येणार असेल तर वर्षभर थांबायची गरज नाही. नऊ चौकोन झाले की ३ फूट बाय ३ फुटांचे दुपटे होते.

गोधडी बांधणे

फाल्गुन सरला की २४ चौकोन जमिनीवर मांडा, रुंदीत ४ आणि लांबीत ६. मांडणी दोन-तीन प्रकारे करून मोबाईलवर फोटो काढा आणि ताडून पाहा. काळे, तपकिरी, डाळिंबी चौकोन पायाकडे आणि कडेला ठेवले तर मळ कमी दिसतो. मांडणी ठरली की मागे खडूने आकडे टाका.

आतल्या थरांसाठी साडेपाच मीटरची सुती साडी म्हणजे १८ फूट. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे होतात. साडीचा पन्हा साधारण पावणेचार फूट भरतो, म्हणून एका बाजूला चार इंचांची पट्टी जोडावी लागते. तीनपैकी दोन थर आत पुरेसे आहेत, तिसरा पट्ट्यांना वापरा. सगळ्यात खाली दुसरी साडी किंवा चादर, चारही बाजूंनी दोन-तीन इंच मोठी, म्हणजे ती वर दुमडून काठ करता येतो.

थर वाढवण्याचा मोह टाळा. चारपेक्षा जास्त थर झाले की सुई जात नाही आणि ओली गोधडी एकट्या बाईला पिळता येत नाही.

सगळे थर सपाट अंथरून मोठ्या टाक्यांनी तात्पुरते जोडा. मग काठापासून सुरुवात करून धावदोरा आत-आत घालत या. ओळींमध्ये एक इंच अंतर धरले तरी ४ फूट रुंदीत ४८ ओळी येतात. प्रत्येक ओळ ६ फुटांची, म्हणजे एकूण २८८ फूट शिवण हाताने घालायची आहे. अर्धा इंच अंतर ठेवले तर ५७६ फूट. चैत्र-वैशाखात चौघीजणी चार बाजूंनी बसल्या तर काम लवकर उरकते. एकदा धुऊन कडक उन्हात वाळवली की आखाड लागायच्या आत गोधडी वापरायला तयार.

विकायची असेल तर

बचत गटांना गोधडीचे काम जमण्यासारखे आहे. जळगावच्या बहिणाबाई महोत्सवासारख्या ठिकाणी गटांचे स्टॉल लागतात, मुंबईत महालक्ष्मी सरस भरते. गोधडीकडे आता कलावस्तू म्हणूनही पाहिले जाते. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केले आहे. कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदी, बिहारची सुजनी, बंगालचा कांथा हेही मुळात जुन्या कापडाचेच काम, आणि त्यांना दूरदूरचे गिऱ्हाईक आहे.

पण आपल्याकडे भाव ठरवताना चूक होते. "चिंध्यांचीच तर आहे" असे गिऱ्हाईक म्हणते आणि बाईलाही ते पटते. चिंध्या फुकट मिळाल्या, हात फुकट नव्हते.

म्हणून पहिल्या चौकोनापासून वहीत तास लिहा. कापणे, धुणे, जोडणे, धावदोरा, सगळे धरा. समजा एकूण ६० तास झाले. आठ तासांचा एक दिवस धरला तर साडेसात दिवस. गावात त्या हंगामात बाईला शेतमजुरीचा जो रोज मिळतो, त्याला साडेसातने गुणा. त्यात दोरा, सुया, मशीनचे तेल आणि येण्या-जाण्याचे भाडे मिळवा. त्याच्या खाली गोधडी विकली तर ती तोट्यात गेली, हे वहीच दाखवेल. गिऱ्हाइकाशी बोलतानाही वही समोर असली की बोलणे सोपे जाते.

सुरुवात करायला चैत्राची वाट पाहायची गरज नाही. जो महिना चालू आहे त्याचा रंग घ्या, गाठोडे सोडा आणि त्या रंगाचे १६ तुकडे कापा. बाकीचे गाठोडे पुन्हा बांधून ठेवले तरी चालेल.