भूल उतरली, तरी हिशेब का चुकतो?

मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडते आणि वडीलधारी व्यक्ती घरी परतते. परंतु खतावणीतील साधी बेरीज चुकते, नित्याच्या व्यापाऱ्याचे नाव ओठांवर येत नाही. ‘भुलीनेच डोके बिघडवले’ असा निवाडा घरात लगेच होतो. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही.

भूल म्हणजे गाढ निद्रा, ही समजूत अपुरी आहे. प्रोपोफोलसारख्या औषधाच्या अमलाखालीही आवाजाची वा स्पर्शाची संवेदना मेंदूच्या प्राथमिक केंद्रापर्यंत पोहोचू शकते. खंडित होतो तो मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधील परस्परसंवाद. टपाल कचेरीत येते, पण कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत नाही, तशी ही अवस्था. औषध ओसरताच हे दुवे बहुधा पुन्हा जुळतात.

गाठ असलेल्या मेंदूत मात्र हे दुवे आधीच ताणलेले असतात. गाठीचा दाब आणि भोवतालची सूज यांमुळे काही मार्ग अडतात. गाठ सावकाश वाढत असेल, तर मेंदू ती कामे इतर भागांवर सोपवून निभावून नेतो. अशा रुग्णाजवळ सावरण्याची शिल्लक मुळातच थोडी असू शकते. उतारवयाची भर वेगळीच. हृदयाखेरीज अन्य मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या, साठी ओलांडलेल्या 1,218 रुग्णांचा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यानंतर त्यांपैकी 25.8 टक्के रुग्णांची स्मरणशक्ती वा एकाग्रता घटलेली आढळली. तीन महिन्यांनी हे प्रमाण 9.9 टक्क्यांवर आले. म्हणजे धीर धरण्यास आधार आहे.

गाठ वाणीच्या केंद्राजवळ असल्यास पुष्कळदा रुग्णाला जागे ठेवूनच शस्त्रक्रिया करतात. मेंदूला स्वतःला वेदना नसते. डोक्याची त्वचा बधिर केली की पुरते. रुग्ण चित्रे ओळखत असतो, शल्यचिकित्सक सौम्य विद्युतप्रवाहाने एकेक जागा तपासतो, आणि शब्द अडला की ती जागा राखतो. मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी ही पद्धत विकसित करण्यात मोठा वाटा उचलला.

कुटुंबीयांनी शस्त्रक्रियेपूर्वीच स्मरण, भाषा व आकडेमोडीची चाचणी करवून घ्यावी. आरंभीची शिल्लक ठाऊक नसेल, तर नंतरची घट मोजणार कशाशी? पूर्ण भूल दिल्यानंतर पहिले 24 तास कोणत्याही दस्तऐवजावर सही घेऊ नये. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तर डॉक्टरांना विचारूनच. फिट्सची औषधे, स्टिरॉइड आणि किरणोपचार यांचाही विचारशक्तीवर परिणाम होतो, तेव्हा सारा दोष भुलीच्या नावे टाकणे अन्यायाचे. आणि वाढती गुंगी, उलट्या, तीव्र डोकेदुखी किंवा एका बाजूचा अशक्तपणा दिसला, तर ‘भूल अजून उतरते आहे’ असे म्हणत थांबू नये. मेंदूत रक्तस्राव वा सूज असू शकते, त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.